जसा वाचक, तसे लेखन

शाळेत ज्याचा निबंध वर्गात वाचून दाखवला जातो, त्या मुलाला आपल्याला लिहिता येते असे वाटू लागते. आणि त्यात त्याचा दोषही नसतो. परंतु लिहिता येणे ही एकच विद्या आहे, ही समजूत महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातच डळमळू लागते. पेणचा किंवा रोह्याचा एखादा विद्यार्थी विज्ञानशाखेत प्रवेश घेतो. थोड्याच दिवसांत त्याला प्रयोगाची वही लिहावी लागते. द्रवावर निळसर रंगाची मोहक छटा हळूच अवतरली, असे तो मोठ्या हौसेने लिहितो आणि प्राध्यापक त्या ओळीवर तांबडी रेघ मारतात. द्रव किती घातला, रंग केव्हा बदलला, एवढेच तेथे हवे असते. पुढे शुल्कात सवलत मिळावी म्हणून तो अर्ज करतो. घरच्या परिस्थितीचे वर्णन दोन पाने भरून होते; कचेरीतला कारकून ती उलटीपालटी करून विचारतो, "तुला हवे काय, ते कोठे लिहिले आहेस?" महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी लेख द्यावा, तर संपादक म्हणतात की हा प्रयोगवहीसारखा कोरडा झाला आहे. त्या विद्यार्थ्याला प्रश्न पडतो की, चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहावे लागते, तर यांतले खरे लेखन कोणते?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पुष्कळ लोकांनी मनातल्या मनात त्याचे उत्तर ठरवून टाकलेले असते. कविता सर्वांत वर, तिच्या खाली कथा, मग निबंध, आणि अगदी तळाशी अर्ज, हिशेब आणि टिपणे, अशी त्यांनी लेखनाची उतरंड रचलेली असते. ही उतरंड चुकीची आहे. लेखनाची प्रत त्याच्या जातीवरून ठरत नाही. ते कोण वाचणार आहे आणि वाचून त्याने काय करायचे आहे, यावरून ती ठरते.

पेणचे गणपतीचे कारखाने घ्या. शाडूची माती, साचे, रंगांची भांडी, ओळीने वाळत ठेवलेल्या मूर्ती आणि शेवटी अत्यंत एकाग्रतेने केली जाणारी डोळ्यांची आखणी, हे सारे एखाद्या मुलाने डोळे भरून पाहिले. आता त्याने दूर राहणाऱ्या मावशीला पत्र लिहिले, तर कारागिराने श्वास रोखून कुंचला कसा टेकवला, हे त्यात आले पाहिजे. मावशीला ते पाहायचे आहे. परंतु मुंबईच्या दुकानदाराने कारखानदाराला मूर्तींची मागणी कळवायची असेल, तर मूर्ती किती, उंची किती, शाडूच्या की प्लास्टरच्या, आणि कोणत्या दिवसापर्यंत पोहोचल्या पाहिजेत, एवढेच त्याने लिहावे. त्या पत्रात आखणीचे वर्णन आले आणि तारीख राहून गेली, तर चतुर्थीच्या दिवशी दुकान रिकामे राहील. दोन्ही पत्रे एकाच कारखान्याची. एकातला गुण दुसऱ्यात दोष ठरतो.

पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटात याहूनही गंभीर प्रसंग येतात. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडते, खारे पाणी भातशेतीत शिरते, आणि जमीन पूर्ववत पिकती होण्यास पुढे काही काळ जावा लागतो. अशा वेळी गावात लिहिणारा कोण, याचा शोध सुरू होतो. महाविद्यालयात शिकणारा मुलगा घरी आलेला असेल, तर लोक त्याच्याकडेच जातात. त्याने पाषाणालाही पाझर फुटावा असे दुःखाचे वर्णन केले, पण गट क्रमांक, क्षेत्र आणि बांध फुटल्याची तारीख लिहिली नाही, तर तो अर्ज पुढे सरकत नाही. ज्याने या गोष्टी नेमक्या लिहिल्या आणि पंचनामा लवकर व्हावा अशी स्पष्ट मागणी केली, त्याची चार ओळींची लेखणी एखाद्या कुटुंबाच्या वर्षभराच्या अन्नाला उपयोगी पडते. अर्ज लिहिणे हे हलके काम आहे, असे त्या शेतकऱ्यासमोर उभे राहून कोणी म्हणावे!

मात्र म्हणून कविता निरुपयोगी, असेही कोणी समजू नये. एकाच माणसाला दोन्ही येऊ शकते, याचे उत्तम उदाहरण रोह्याचेच आहे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावी झाला. त्यांचे घराणे रोह्याचे आणि वडील तेथे वकिली करीत. १९१२ सालच्या मॅट्रिकच्या परीक्षेत चिंतामणराव पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजला जाऊन ते शिकले ते मात्र निसर्गविज्ञान. त्यातही वनस्पतिशास्त्रात त्यांनी विशेष प्रावीण्य दाखवले. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने पान सुंदर आहे असे लिहून भागत नाही. ते देठाला कसे जोडले आहे, त्याची कडा सरळ आहे की दातेरी, शिरा कशा पसरल्या आहेत, हे त्याला लिहावे लागते. आय. सी. एस. होऊन मध्य प्रांतात आल्यावर त्यांनी जमाबंदीचे काम केले; तेथे लेखन होते ते शेतांचे आणि साऱ्याचे. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तेव्हापासून ज्या नोटांवर त्यांची सही आली, त्यांवरचे धारकाला रुपये देण्याचे वचन हेही एक लेखनच होते. त्या वाक्यातला एक शब्द इकडचा तिकडे करण्याची मुभा कोणाला नसते. नंतर अर्थमंत्री म्हणून त्यांनी देशाचे अर्थसंकल्प मांडले आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

इतक्या आकड्यांत वावरलेल्या या माणसाने कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत पद्यानुवाद केला. ढग म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा मेळ. तो निरोप कसा नेणार, ही शंका खुद्द कालिदासाने काव्यात घेतली आहे. विरहाने व्याकूळ झालेल्या यक्षाला ती पडत नाही. केंब्रिजच्या प्रयोगवहीत ढगाने निरोप नेला असता, तर प्राध्यापकांची तांबडी रेघ तेथेही उमटली असती. चिंतामणरावांना दोन्ही ठिकाणचे नियम ठाऊक होते, आणि एका ठिकाणचा नियम त्यांनी दुसऱ्या ठिकाणी लादला नाही.

चिंतामणरावांच्या जन्माआधी चारच महिने, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. हेच पुढे विनोबा. विद्यार्थिदशेत ते बडोद्याला कविता करीत. कविता मनासारखी जमली की ती ते अग्नीला अर्पण करीत आणि काशीला गेल्यावर गंगेला. (आजच्या विद्यार्थ्यांनी हे अनुकरण करण्याची घाई करू नये, शिक्षकांना दाखवायला काहीतरी उरले पाहिजे.) १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईस निघालेले विनोबा सुरतेस उतरले आणि काशीला गेले. तेथून ते गांधीजींच्या आश्रमात पोहोचले. काही काळाने त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि १९१८ साली गांधीजींना एक सविस्तर पत्र पाठवले. काय वाचले, काय शिकवले, पायी किती हिंडलो, आहार कोणता ठेवला, असा त्यात वर्षाचा चोख हिशेब होता. कविता जाळणाऱ्या तरुणाला हिशेबही लिहिता येत होता.

आईला संस्कृत गीता कळत नव्हती. मराठीतील पद्यानुवाद आणून दिला, तर तोही तिला अवघड वाटला. तेव्हा तूच का करीत नाहीस, असे तिने मुलाला म्हटले. ती १९१८ साली निवर्तली. १९३०-३१ साली विनोबांनी गीतेचे मराठी श्लोक रचले आणि पुस्तकाचे नाव ठेवले 'गीताई'. हे लेखन पाठ करण्यासाठी आहे, म्हणून ते छंदात आहे. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी कैद्यांपुढे त्याच गीतेवर बोलले. ऐकणाऱ्यांत विद्वान होते तसे साधे लोकही होते, म्हणून तेथे घरगुती दाखले आले, गोष्टी आल्या आणि वाक्ये बोलण्यासारखी सुटी राहिली. ग्रंथ तोच, सांगणारा तोच. ऐकणारे बदलले आणि भाषा बदलली.

ही प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली, हे लेखनाच्या दृष्टीने विशेष आहे. गुरुजींची स्वतःची लेखणी भावनेने ओथंबलेली. १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात, त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा ती मनमोकळी वाहिली. धुळ्याला मात्र कान उघडे ठेवून आणि आपले अश्रू बाजूला ठेवून त्यांना दुसऱ्याची वाक्ये वेगाने कागदावर उतरवायची होती. 'गीता प्रवचने' आज उघडली, तर त्या पानांतून बोलतात ते विनोबाच.