दख्खनची शहरे : तख्त, पेठ आणि पाणी

१/ दख्खनच्या शहरांचा इतिहास बहुधा तीन प्रश्नांत आटोपला जातो : शहर कोणी वसवले, कोणी जिंकले आणि त्याचे नाव कोणी बदलले. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तख्तापाशी सापडतात. शहर मात्र तख्तावर जगत नाही. रोज सकाळी हजारो माणसांना पाणी मिळाले पाहिजे आणि दिवसभरात त्यांच्या मालाला गिऱ्हाईक मिळाले पाहिजे, या दोन गरजांवर ते जगते. अहमदनगर, औरंगाबाद, बऱ्हाणपूर, विजापूर आणि पुणे या पाच शहरांकडे या दोन गरजांच्या बाजूने पाहिले, तर त्यांचा इतिहास बराच वेगळा दिसतो. हा धागा त्याविषयी.

२/ प्रथम भूगोल. दख्खनचे पठार काळ्या बेसॉल्ट खडकाचे. सह्याद्री ओलांडून पूर्वेला आले की पाऊस झपाट्याने कमी होतो. नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात डबकी उरतात. गंगा-यमुनेच्या काठच्या शहराला नदीवर विसंबून राहता येते. सीना किंवा खाम नदीच्या काठच्या शहराला ते शक्य नाही. त्यामुळे येथे मोठे शहर वसवायचे म्हणजे जवळच्या डोंगरउतारांवर पाणी शोधून ते जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर वस्तीपर्यंत आणायचे. दख्खनच्या नगररचनेचा हा पाया आहे.

३/ या पार्श्वभूमीवर देवगिरीकडे पाहावे. यादवांची ही राजधानी १२९६ साली अलाउद्दीन खलजीच्या स्वारीने हादरली आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीचा कारभार येथे हलवून दौलताबादला साम्राज्याची राजधानी केले. काही वर्षांतच ती योजना मोडली. त्यामागची कारणे अनेक आहेत आणि त्यांवर अभ्यासकांचे एकमतही नाही. त्यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. सुलतानाच्या हुकुमाने माणसे हलवता येतात, पण हुकुमाने वसलेली वस्ती टिकतेच असे नाही. दौलताबादचा किल्ला आजही अजिंक्य भासतो. त्याच्या पायथ्याचे गाव मात्र लहानच राहिले.

४/ आता अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. मलिक अहमदने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात, सीना नदीकाठी नवे शहर वसवले. ही जागा जुन्नर आणि दौलताबाद यांच्या साधारण मध्यावर येते. जुन्नर हे त्याचे जुने ठाणे, तर दौलताबाद त्याला जिंकायचे होते. जागेची निवड लष्करी होती, यात वाद नाही. परंतु छावणीचे शहर झाले ते नंतर, पाणी आल्यावर.

५/ कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा आसपासच्या गावांच्या हद्दीतून जमिनीखालच्या नळांनी पाणी शहरात आणले गेले. हेच नगरचे प्रसिद्ध खापरी नळ. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवायचे, सांधे चुन्याने बुजवायचे आणि मैलोगणती उतार चुकू द्यायचा नाही, असे हे काम होते. ते करणारे कुंभार, बेलदार, वडार, चुना भाजणारे लोणारी यांपैकी कोणाचेही नाव तवारिखांत नाही. फराहबागेचा महाल तळ्याच्या मधोमध उभारला गेला, याचे आज कौतुक होते. अवर्षणप्रवण मुलखात ते तळे भरले कसे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

६/ निजामशाहीने नगर १६०० मध्ये मोगलांना गमावले. ज्या शहराची ओळख केवळ राजधानी अशी असते, ते अशा प्रसंगी ओस पडते. नगर ओस पडले नाही. पुढे ते मोगलांकडे, मराठ्यांकडे आणि इंग्रजांकडे गेले. प्रत्येक नव्या सत्तेला तेथे वसती, बाजार आणि वाहते पाणी आयतेच मिळाले. चांदबिबीने लढवलेला किल्ला सर्वांच्या लक्षात राहतो आणि राहावाही. पण किल्ला पडल्यानंतरही शहर कशामुळे उरले, याचे उत्तर तटबंदीत सापडत नाही.

७/ खडकीची कथा याहून बोलकी आहे. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि दख्खनेत येऊन निजामशाहीचा सर्वेसर्वा झालेला पुरुष. त्याने १६१० मध्ये खडकी या गावाच्या जागी राजधानी वसवली. १६१६ मध्ये मोगल फौजेने ती जाळली. अंबरने शहर पुन्हा उभे केले आणि पुढच्या एक-दोन वर्षांत 'नहर-ए-अंबरी' पूर्ण केली. राखेतून उठणाऱ्या शहरासाठी त्याने हाती घेतलेले मोठे काम नहरीचे होते, ही बाब त्याच्या गनिमी काव्याइतकीच ध्यानात घेण्याजोगी आहे.

८/ या नहरीचे तंत्र इराणी कनातीच्या कुळातले. डोंगरपायथ्याशी भूजल धरायचे, भुयारी मार्गाने ते मंद उतारावर वाहते ठेवायचे आणि ठरावीक अंतरावर वर उघडणारी कूपके ठेवायची, म्हणजे हवा खेळती राहते आणि गाळ काढता येतो. इराणात हे काम गाळाच्या जमिनीत होते. दख्खनेत ते बेसॉल्टच्या भेगा आणि थर ओळखून करावे लागले. म्हणजे येथे केवळ नक्कल झाली नाही. परकीय तंत्राला स्थानिक खडकाची आणि तो खडक फोडणाऱ्या हातांची जोड मिळाली.

९/ पाण्याबरोबर पेठा आल्या. खडकीतील मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडल्याचे गॅझेटियर सांगते. हबशी वजीर, निजामशाही तख्त, मराठा सरदारांचे पुरे आणि इराणी वळणाची नहर अशा सरमिसळीतून हे शहर घडले. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि शहराला औरंगाबाद हे नाव मिळाले. आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलत गेली तशी प्रत्येक काळाने आपली भर घातली. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात नहरीच्या पाण्यावर फिरणारी पाणचक्की उभी राहिली. ती दर्ग्यात येणाऱ्या फकीर-प्रवाशांसाठी धान्य दळत असे.

१०/ याच सुमारास उत्तरेला तापीकाठी बऱ्हाणपुरात हाच प्रयोग मोगलांकडून चालू होता. अब्दुल रहीम खानखानानच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तेथे सातपुड्याच्या उतारावरील भूजल गोळा करणारा 'कुंडी भंडारा' बांधला गेला. एकाच दशकात रणांगणावर एकमेकांचे कट्टर शत्रू असलेले मलिक अंबर आणि खानखानान आपापल्या शहरांत एकाच जातीचे तंत्र वापरत होते. लढायांच्या इतिहासात हे दोघे समोरासमोर येतात, तर पाण्याच्या इतिहासात एका रांगेत बसतात.

११/ विजापुरात चित्र आणखी भव्य आहे. तोरवीकडून भुयारी मार्गाने पाणी शहरात येई. १६५१ मध्ये मुहम्मद आदिलशाहने बेगम तलाव बांधून त्यात भर घातली. पाण्याचा दाब सांभाळण्यासाठी जागोजागी दगडी मनोरे उभारले गेले, त्यांना 'गंज' म्हणत. गोलघुमटाखालचा प्रतिध्वनी ऐकायला येणाऱ्यांपैकी फार थोडे या मनोऱ्यांपाशी थांबतात. ज्या राजवटीने तो घुमट उभारला तिनेच हे मनोरेही उभारले. घुमट एका सुलतानाच्या स्मरणासाठी होता. मनोरे सगळ्या शहरासाठी होते.

१२/ विजापूरच्या शेजारीच याची उलट बाजूही आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याने १५९९ मध्ये नवरसपूर नावाचे नवे नगर वसवायला घेतले. संगीत आणि रसविचार यांच्या ध्यासातून कल्पिलेले हे नगर १६२४ मध्ये उद्ध्वस्त झाले, आणि ते उद्ध्वस्त करणारा होता खडकी वसवणारा मलिक अंबर. पाण्याचे मोल जाणणाऱ्यानेच दुसऱ्याचे शहर मोडले. इतिहासातील माणसांना निर्मळ नायक किंवा खलनायक ठरवण्याची घाई झालेल्यांनी येथे क्षणभर थांबावे. आणखी एक गोष्ट : जळालेली खडकी पुन्हा वसली, नवरसपूर वसले नाही. राजाच्या हौसेपलीकडे त्या नगरात रुजलेले फारसे काही नसावे, असे मानायला जागा आहे.

१३/ पुण्याचे पाणी अठराव्या शतकातले. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजला बंधारे घालून तेथून दगडी भुयारी नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. वाटेत हवा बाहेर पडण्यासाठी ठेवलेल्या बांधीव झरोक्यांना 'उच्छ्वास' हे सुंदर नाव होते. महत्त्वाची बाब अशी की हे पाणी वाड्यापुरते राहिले नाही. काळा हौद, नाना हौद अशा सार्वजनिक हौदांतून ते नगरवासीयांपर्यंत पोहोचले. सार्वजनिक म्हणताना भाबडेपणाही नको. पेशवाईतील जातिव्यवस्था हौदाच्या काठावरही होतीच, आणि कोणाला कोणत्या पाण्याला हात लावता येई हाही याच इतिहासाचा भाग आहे.

१४/ पुण्याच्या पेठांची रीत पाहण्यासारखी आहे. नवी पेठ वसवताना शेटे-महाजन नेमले जात, काही वर्षांच्या करमाफीचा कौल दिला जाई आणि व्यापारी-कारागिरांना बोलावून घेतले जाई. सत्ता येथे हुकुमापेक्षा आमंत्रणाने काम करी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्याचे तख्त गेले, पेठा राहिल्या. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हा अनेकांना जुन्या विहिरी आणि हौदच आठवले.

१५/ यावर एक रास्त आक्षेप आहे : नहर असो वा पेठ, पैसा आणि सत्ता राजाचीच होती, मग राजाला बाजूला का सारायचे? बाजूला सारण्याचे कारणच नाही. मलिक अंबराविना नहर नाही आणि नानासाहेबांविना कात्रजचा नळ नाही. पण बांधणारा एकदाच बांधतो. त्यानंतर गाळ काढणारे, फुटलेला नळ बदलणारे, पखाली वाहणारे आणि पेठेत दुकान मांडून बसणारे पिढ्यान्‌पिढ्या शहर चालवतात. संस्थापकाचा पुतळा उभारून यांचा विसर पडत असेल, तर तो इतिहास अपुरा आहे.

१६/ हा प्रश्न केवळ दृष्टिकोनाचा नाही. किल्ल्याची भिंत ढासळली तर बातमी होते. रस्त्यासाठी खोदताना खापरी नळ फुटला, नहरीचे कूपक कचऱ्याने बुजले किंवा उच्छ्वासावर इमारत उभी राहिली, तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. कारण त्या जागेला इतिहास आहे हेच ठाऊक नसते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीखाली चारशे वर्षांची नहर गाडलेली असावी, याला 'काखेत कळसा नि गावाला वळसा' याहून नेमके वर्णन नाही. त्या नहरी आजच्या लाखोंच्या शहराची तहान भागवतील असा दावा कोणी करू नये. पण उतार, खडक आणि भूजल यांविषयी त्यांत साठवलेले ज्ञान फेकून देण्याइतके स्वस्त नाही.

१७/ म्हणून इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी गडावर जरूर जावे, आणि उतरल्यावर आपल्याच शहरातील एखाद्या नहरीचा, हौदाचा, बारवेचा मागही काढावा. ती कोठून येते, कोठे संपते, आज कोणत्या अवस्थेत आहे, तिला स्थानिक लोक काय म्हणतात, हे नोंदवावे, छायाचित्रे काढावीत, वृद्धांकडून आठवणी उतरवून घ्याव्यात. या नोंदीला तज्ज्ञाची पदवी लागत नाही. उद्या महापालिकेपुढे एखादा उच्छ्वास वाचवण्याचा प्रश्न उभा राहील, तेव्हा घोषणांपेक्षा अशी एक नोंद अधिक उपयोगी पडेल.

१८/ देवगिरी ते पुणे या प्रवासात तख्ते अनेकदा हलली आणि प्रत्येक वेळी शहर संपल्याची द्वाही फिरली. पण जेथे पाणी पोहोचले होते आणि पेठ भरत होती, तेथील दिवे पुन्हा लागले. दख्खनच्या शहरांचा स्वभाव या चिवटपणात आहे. तो ज्यांनी घडवला त्यांची नावे बखरीत नसतील. त्यांचे काम मात्र अजून जमिनीखाली आहे, आणि काही ठिकाणी वाहतेही आहे.

(धागा समाप्त)