जुन्या औषधांच्या भाबड्या वकिलांना

'नाहीतरी रुग्ण हातचा जाणारच. मग बाजारात आधीपासून असलेलं, सुरक्षित ठरलेलं औषध देऊन बघायला काय हरकत आहे?' एएलएसची गोष्ट निघाली की हा प्रश्न हमखास येतो. या आजारात स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हात जातात, पाय जातात, मग गिळणं आणि शेवटी श्वास. १९९५ पासून वापरात असलेल्या रायलुझोलने मूळ चाचण्यांत आयुष्य जेमतेम दोन-तीन महिन्यांनी वाढवलं. अशा घरातल्या माणसाला 'थांबा, पुरावा येऊ द्या' म्हणणं जिवावर येतं. तरीही म्हणावं लागतं, कारण हा प्रश्न ज्या समजुतींवर उभा आहे त्याच कच्च्या आहेत.

रुग्णाला गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, ही त्यातली पहिली. मिनोसायक्लिन हे मुरुमांवर वर्षानुवर्षं दिलं जाणारं अँटिबायोटिक. एएलएसच्या उंदरांवर त्याचा परिणाम छान दिसला होता. अमेरिकेत ४१२ रुग्णांवर चाचणी झाली आणि २००७ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांची प्रकृती प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक वेगाने ढासळली. मुरुमांच्या रुग्णाला सोसलेलं औषध मरू घातलेल्या चेतापेशीला सोसेलच, असं नाही. याहून भयंकर गोष्ट वेगळीच आहे. हीच गोळी प्रत्येकाने आपापल्या घरी घेतली असती, तर हे कुणालाच कळलं नसतं. प्रकृती खालावली की दोष आजाराच्या माथी गेला असता. औषधाने केलेलं नुकसान दिसायला शेजारी ते न घेतलेला गट लागतोच.

लिथियम या जुन्या औषधाचीही तीच कथा. २००८ मध्ये इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात रायलुझोलसोबत लिथियम घेणाऱ्या १६ जणांपैकी १५ महिन्यांत एकही दगावला नाही. बातमी पसरली आणि कित्येक रुग्णांनी स्वतःच लिथियम सुरू केलं. पुढे अमेरिका-कॅनडात, नेदरलँड्समध्ये, ब्रिटनमध्ये रीतसर चाचण्या झाल्या. तो चमत्कार कुठेच पुन्हा दिसला नाही.

दुसरी समजूत, जुनं म्हणजे स्वस्त. सोडियम फिनाइलब्यूटिरेट हे युरिया-चक्राच्या दुर्मीळ विकारावरचं जुनं औषध. यकृताच्या तक्रारींवर वापरलं जाणारं एक पित्ताम्ल त्याच्या जोडीला घालून 'रेलिव्ह्रिओ' झालं. १३७ रुग्णांच्या चाचणीवर अमेरिकेने २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली. किंमत? वर्षाला सुमारे १,५८,००० डॉलर. २०२४ मध्ये ६६४ रुग्णांची मोठी चाचणी अपयशी ठरली आणि कंपनीने औषध मागे घेतलं. मागे घेतलं, याचं श्रेय तिच्या पदरात टाकायलाच हवं. पण घाईच्या परवानगीची किंमत कुणी मोजली, हेही नोंदवून ठेवावं.

हे ऐकून दुसरा पक्ष टाळ्या पिटतो: जुन्या औषधांचा नादच सोडा, भवितव्य जनुकांवरच्या उपचारांचं. त्यातलं टोफर्सन हे औषध खरोखरच मोलाचं आहे, पण ते लागू पडतं एसओडी१ जनुकातल्या दोषापुरतं, म्हणजे जवळपास २ टक्के रुग्णांना. उरलेल्यांनी काय करायचं?

त्यांच्यासाठीच जपानचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ चं एक रूप. आपल्याकडे हातापायांना मुंग्या आल्या की डॉक्टर सर्रास लिहून देतात ते. ३७३ रुग्णांच्या पहिल्या चाचणीत ते एकंदरीत फसलं. फक्त लवकर निदान झालेल्यांत थोडी आशा दिसली. भाबड्या वकिलाने तेवढ्यावरच औषध वाटायला घेतलं असतं. जपानी डॉक्टरांनी तसं न करता नेमक्या तशाच १३० रुग्णांवर, सरकारी निधीतून, पुन्हा चाचणी घेतली. ५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आठवड्यातून दोनदा, १६ आठवडे. आपल्या नेहमीच्या १५०० मायक्रोग्रॅमच्या गोळीच्या तेहतीसपट मात्रा, तेव्हा 'मी ती गोळी घेतोच' हे समाधान कामाचं नाही. ढासळण्याचा वेग ४३ टक्क्यांनी कमी झाला आणि २०२४ मध्ये जपानने मान्यता दिली. १६ आठवडे हा थोडका काळ आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण तोही पुढच्या चाचणीचाच मुद्दा आहे.

ब्रिटनमधली 'एमएनडी-स्मार्ट' चाचणी याच रस्त्यावरची. तिच्यात अनेक जुनी औषधं एकाच सामायिक प्लासिबो गटाशी ताडली जातात. मेमँटिन आणि ट्रॅझोडोन ही दोन २०२३ मध्ये निरुपयोगी ठरून बाहेर पडली, आणि टीकाकारांनी 'आणखी एक अपयश' म्हणून नाक मुरडलं. मला ते तसं वाटत नाही. दोन खोट्या आशा लवकर मिटल्या आणि पुढच्या औषधासाठी जागा मोकळी झाली.

खरी अडचण पैशाची आहे. जे औषध कुणीही बनवू शकतो, त्याच्या चाचणीवर कोणतीही कंपनी कोट्यवधी घालणार नाही. मिथाइलकोबालामिन बनवणाऱ्या कंपन्या आपल्याकडे कमी नाहीत आणि रुग्णही दुर्दैवाने कमी नाहीत. भारतात अशी चाचणी उभी राहायची असेल, तर जपानसारखा तिचा खर्च सरकारलाच उचलावा लागेल. रुग्णांच्या नातेवाइकांनी गोळीच्या चिठ्ठीसाठी जो हट्ट डॉक्टरांकडे धरला, तो आता आरोग्य मंत्रालयाकडे धरावा.