परळातील पाणी

श्रावणसरींनी ओली झालेली सांगलीची व्यापारपेठ नुकती जागी होत होती. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी दुकानादुकानांतून काळे डबे गोळा करीत निघाली होती. डब्यात थोडे पाणी आणि कडेला खरबरीत कागदाची पट्टी, एवढाच तो सापळा. डेंग्यू पसरविणारी एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर अंडी घालते. पट्टीवर ती काजळाच्या कणांसारखी दिसतात. डबा आठवड्याच्या आत उचलावाच लागतो, नाही तर सापळाच डासांचे जन्मस्थान व्हायचा.

काम चिकाटीचे. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी दिसले, तेही कितीतरी डासांचे विच्छेदन केल्यानंतर. या मुलीच्या वहीतही प्रत्येक घराची, प्रत्येक भांड्याची नोंद होती.

हळदीच्या एका जुन्या अडतीमागील घरात मात्र सापळ्याची गरजच उरली नाही. गच्चीवर पक्ष्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या परळात अळ्या वळवळत होत्या. पाणी गाळून पिणारे, सूर्यास्तापूर्वी जेवणारे ते घर. मागील पावसाळ्यात याच घरातील नातू डेंग्यूने रुग्णालयात होता. वृद्ध अण्णा परळाकडे पाहतच राहिले.

"हे पाणी ओतले तर हे जीव जातील ना, बाळ?"

"जातील, अण्णा," तिने खरे तेच सांगितले. "आणि ठेवले तर आठवडाभरात डास होतील. पण परळ रोज घासून ताजे पाणी भरले असते, तर ही वेळच आली नसती."

"नुसते पाणी बदलून चालणार नाही?"

"नाही. अंडी कडेला चिकटून राहतात. कोरड्यातही ती कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. म्हणून घासणे महत्त्वाचे."

अण्णा क्षणभर थांबले. "म्हणजे जीव जाणार ते आज, पण प्रमाद घडला तो आधीच," ते म्हणाले.

विद्यार्थिनीने ओळख पटविण्यासाठी काही अळ्या कुपीत घेतल्या आणि नोंद केली. मग अण्णा स्वतःच तिच्यासोबत घरभर फिरले. फ्रिजमागील ताटली, बंद पडलेला कूलर, वखारीवरील ताडपत्रीच्या घड्या, अंगणातील जुना टायर. चार ठिकाणी पाणी साचले होते. दोन ठिकाणी अळ्या होत्या.

एडिस फार दूर उडत नाही. तिचे जन्मस्थान बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्या उंबरठ्याआतच असते. पुढील आठवड्यात ती मुलगी डबे उचलण्यास आली, तेव्हा अण्णांच्या घरातील पट्टीवर थोडी अंडी होतीच. अण्णांनी ती भिंगातून निरखली, उपरणे खांद्यावर टाकले आणि शेजारच्या पेढीची पायरी चढले.

गच्चीवरील परळ त्या सकाळी घासून भरलेला होता. काठावर दोन चिमण्या बसल्या होत्या.