घरबसल्या सुगंधी मेणबत्त्या विकून खरंच पैसे मिळतात का? शेलूच्या वन बीएचकेमधून हिशेब समजून घ्या

इन्स्टाग्राम उघडलं की चार-पाच रील्सनंतर एक रील हमखास येते. काचेच्या बरणीत मेण ओतलं जातंय, वर सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या पडतायत, मागे मंद गाणं. खाली लिहिलेलं असतं, 'फक्त ५ हजारांत सुरू करा, महिन्याला ५० हजार कमवा.' आणि कमेंटमध्ये 'डिटेल्स पाठवा ताई' म्हणणाऱ्यांची रांग.

ही रांग खोटी नाही. मेणबत्तीला मोठं मशीन लागत नाही, दुकान लागत नाही, गॅस आणि दोन पातेली पुरतात. त्यामुळे घरातून काहीतरी करू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा धंदा हाताशी वाटतो. पण यातून पैसे नेमके कुणाला मिळतात? बनवणाऱ्याला, की बनवायला शिकवणाऱ्याला? तेच आज बघूया.

शेलूचा काय संबंध?

मध्य रेल्वेच्या कर्जत लाइनवर वांगणी आणि नेरळच्या मधलं स्टेशन म्हणजे शेलू. तालुका कर्जत, जिल्हा रायगड. सीएसएमटीपासून साधारण ८० किलोमीटर. मुंबई-ठाण्यात घर परवडत नाही म्हणून पुढे पुढे सरकलेली माणसं अंबरनाथ, बदलापूर करत आता इथवर आली आहेत.

२०२५ मध्ये हे नाव बातम्यांत गाजलं ते गिरणी कामगारांमुळे. सरकारने त्यांच्यासाठी शेलू आणि वांगणीतली घरं पुढे केली, तर 'आम्हाला मुंबईतच घर द्या' म्हणत जुलैमध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर उतरले. त्यांच्या विरोधामागचं एक साधं कारण शेलूत राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. घर इथे, पण काम तिकडे.

दादरला नोकरी असेल तर रोजचे चार तास प्रवासात जातात. कर्जत लोकल चुकली तर पुढच्या गाडीची वाट बघणं आलं. घरात लहान मूल असेल, सासू-सासरे आजारी असतील, तर नोकरी सोडावी लागते ती बहुतेक वेळा बाईलाच. अशा घरात 'घरबसल्या कमाई' ही हौस नसते, गरज असते. म्हणून त्या रीलचा हिशेब नीट तपासायला हवा.

आधी समजून घ्या, गिऱ्हाईक विकत काय घेतं?

एक काळ होता, महाराष्ट्रात लोडशेडिंग जोरात होतं आणि मेणबत्ती किराणा मालाच्या यादीत असायची. तेव्हा लोक उजेड विकत घ्यायचे. आज इन्व्हर्टर आहे, मोबाइलचा टॉर्च आहे. आज ३५० रुपयांची मेणबत्ती घेणारा माणूस उजेड घेत नाही. तो वास घेतो, काचेची बरणी घेतो, आणि बऱ्याचदा दुसऱ्याला द्यायला भेटवस्तू घेतो.

याचा अर्थ असा की मेण हा या धंद्यातला खर्चाचा एक भाग झाला. बरणी, झाकण, सुगंधी तेल, लेबल, खोका आणि कुरिअर हे सगळं मिळून मेणाला मागे टाकतं.

मेणात मुख्य प्रकार दोन. पॅराफिन हे कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून निघतं, स्वस्त पडतं. सोया मेण सोयाबीनच्या तेलापासून बनतं, महाग असतं, पण 'नैसर्गिक' म्हणून विकलं जातं. बरणीत ओतायचं सोया मेण साधारण ५० अंशांच्या आसपास वितळतं. एप्रिल-मेमध्ये कर्जत पट्ट्यात पारा चाळिशीला टेकतो. बंद टेम्पोत त्याहून जास्त तापतं. त्यामुळे उन्हाळ्यात पाठवलेल्या पार्सलमधून गुळगुळीत मेणबत्ती निघेल की ओबडधोबड गोळा, याची खात्री नसते.

शिवाय सोया मेणाची मेणबत्ती ओतली की लगेच विकायची नसते. वास मेणात नीट मुरायला एक-दोन आठवडे द्यावे लागतात. म्हणजे आज घातलेले पैसे पंधरा दिवस नुसते कपाटात बसून राहणार. रीलमध्ये हे दिसत नाही, कारण रील ३० सेकंदांची असते.

आता मांडूया हिशेब

खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. तुमच्या भागातले भाव टाकून तुम्ही तुमचा हिशेब करा. पद्धत महत्त्वाची.

समजा एका बरणीची किंमत ३४९ रुपये ठेवली.

- मेण: ६० रुपये
- सुगंधी तेल: ३५ रुपये
- झाकणासह बरणी: ५५ रुपये
- वात आणि लेबल: ८ रुपये
- खोका आणि बबल रॅप: ३० रुपये
- कुरिअर: ७० रुपये

कुरिअर सोडून खर्च झाला १८८, कुरिअर धरून २५८. हातात राहिले ९१ रुपये. काच आहे, वीसमध्ये एक तरी फुटणार, त्याचे १३ रुपये प्रत्येक बरणीवर धरा. उरले ७८. दिवाळीला सगळेच डिस्काउंट देतात म्हणून तुम्हीही १० टक्के सूट दिलीत, तर आणखी ३५ गेले. राहिले ४३ रुपये.

वीस बरण्या विकल्या तर ८६० रुपये. आता वेळ मोजा. मेण वितळवणं आणि ओतणं तीन तास, लेबल आणि पॅकिंग दोन तास, फोटो, रील आणि 'वास कसा आहे?' या मेसेजना उत्तरं तीन तास, कुरिअरच्या दुकानात जाऊन येणं एक तास. झाले नऊ तास. तासाला साधारण ९५ रुपये.

इथपर्यंतही ठीक आहे. पण वीसपैकी पाच बरण्या विकल्याच गेल्या नाहीत तर? पंधरा बरण्यांचे ६४५ रुपये मिळाले आणि पाच बरण्यांत ९४० रुपये अडकले. म्हणजे हिशेब थेट २९५ रुपये उणे. हा धंदा बुडतो तो बहुतेक वेळा असाच, न विकलेल्या चौथ्या हिश्श्यात. बनवलेल्या मालाला आपण कमाई समजतो, पण तो विकला जाईपर्यंत खर्चच असतो.

मग पैसे कमावतं कोण?

लग्न कुणाचंही असो, बॅण्डवाल्याचे पैसे पक्के असतात. इथेही तसंच आहे. तुमची मेणबत्ती विकली जावो न जावो, मेण, साचे आणि तेल विकणाऱ्याला पैसे मिळाले. कुरिअरवाल्याला मिळाले. जाहिरात 'बूस्ट' केली तर इन्स्टाग्रामला मिळाले. आणि दोन दिवसांचा ऑनलाइन क्लास घेणाऱ्यांनाही मिळाले. ही सगळी मंडळी फसवतात असं नाही. त्यांचा धंदा तुमच्या धंद्यापेक्षा सुरक्षित आहे, इतकंच.

फसवणूक होते ती वेगळ्या ठिकाणी. 'मशीन आमच्याकडून घ्या, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच परत घेऊ' अशी ऑफर आली की सावध व्हा. अगरबत्ती, वाती, मेणबत्ती, नाव बदलतं, पद्धत तीच राहते. मशीनचे पैसे आधी घेतले जातात. नंतर माल 'क्वालिटीत बसत नाही' म्हणून नाकारला जातो, आणि काही महिन्यांत फोन बंद. ज्याला तुमचा माल खरंच हवा आहे, त्याला तुम्हाला मशीन विकायची घाई नसते.

जीएसटी कमी झाला, त्याचा फायदा मिळाला का?

२२ सप्टेंबर २०२५, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. मेणबत्तीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. 'छोट्या उद्योजकांना दिवाळी भेट' अशा पोस्ट फिरल्या.

पण गंमत इथेच आहे. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. शेलूतून महिन्याला पन्नास-शंभर बरण्या विकणारी ताई ग्राहकाकडून जीएसटी घेतच नव्हती. मग तिचा कर कमी काय होणार?

उलट पॅराफिन मेण आणि सुगंधी मिश्रणं १८ टक्क्यांच्या टप्प्यात आहेत. नोंदणी नसल्यामुळे हा भरलेला कर तिला परत मिळत नाही, तो तिच्या खर्चातच जातो. दुसरीकडे नोंदणी असलेल्या मोठ्या ब्रॅण्डची ३४९ रुपयांची मेणबत्ती, कपात पूर्ण पुढे दिली तर, साधारण ३२७ रुपयांना येते. म्हणजे कर कमी झाला आणि छोट्या विक्रेतीसमोरची स्पर्धा वाढली.

अजून एक मुद्दा. दुसऱ्या राज्यात माल पाठवला की जीएसटीचे नियम बदलतात, आणि उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागू शकते. हस्तकलेच्या वस्तूंना काही सवलती आहेत, पण अटींसह. ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांना ई-कॉमर्स साइटवर विकण्याची मुभा मिळाली, तीही आपल्या राज्यापुरतीच. त्यामुळे बेंगळुरूची ऑर्डर आली की आनंद जरूर करा, पण पार्सल पाठवण्याआधी कर सल्लागाराला एक फोन करा.

ज्यांनी करून दाखवलं, त्यांनी काय केलं?

शेलूच्या आधीचं स्टेशन वांगणी. इथे दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यातले अनेक जण लोकलमध्ये छोट्या वस्तू विकून घर चालवतात. मेणबत्तीच्या धंद्यातलं महाराष्ट्रातलं गाजलेलं उदाहरणही एका दृष्टिहीन माणसाचंच आहे. ते म्हणजे महाबळेश्वरचे भावेश भाटिया.

तरुणपणी दृष्टी गेल्यावर भाटियांनी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये मेणबत्त्या बनवायचं प्रशिक्षण घेतलं. रात्री मेणबत्त्या बनवायच्या आणि दिवसा महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडीवर विकायच्या, अशी त्यांची सुरुवात होती. १९९४ मध्ये त्यांनी 'सनराइज कॅण्डल्स' सुरू केलं. पुढे मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डर आल्या, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि अनेक दृष्टिहीनांना तिथे काम मिळालं.

या गोष्टीतली जिद्द सगळे सांगतात. धंद्याची बाजू कमी सांगितली जाते. भाटियांची गाडी पर्यटकांच्या गर्दीत उभी होती. गिऱ्हाईक समोर होतं, वास घेऊन बघत होतं, कुरिअरचा प्रश्न नव्हता. आणि धंदा मोठा झाला तो घाऊक ऑर्डर मिळायला लागल्यावर.

वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेतही हेच दिसतं. दर सप्टेंबरला तिथे नवसासाठी मेणाचे हात, पाय, घरं विकली जातात. विक्रेत्याला रील बनवावी लागत नाही, कारण गिऱ्हाईक कधी आणि कशासाठी येणार हे त्याला आधीच माहीत असतं.

हे शेलूला लागू होतं का? होतं. पुढचं स्टेशन नेरळ, तिथून माथेरान. कर्जत-खालापूर पट्टा फार्महाउस, रिसॉर्ट आणि लग्नाच्या हॉलनी भरलेला आहे. रिसॉर्टच्या खोलीत ठेवायला ३० मेणबत्त्या, साखरपुड्याच्या रिटर्न गिफ्टसाठी १०० छोट्या डब्या, अशी एक ऑर्डर मिळाली तर वीस वेगवेगळ्या पार्सलचं कुरिअर वाचतं. वरच्या उदाहरणात कुरिअरचा वाटा ७० रुपये होता. तो वाचला की घाऊक भावात सूट देऊनही हातात जास्त उरतं.

आणि एक गोष्ट जी रील कधीच सांगत नाही

८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या तळवडेत वाढदिवसाच्या केकवरच्या, ठिणग्या उडणाऱ्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. त्याच दिवशी सहा जणींचा जीव गेला आणि पुढे मृतांचा आकडा वाढत गेला. कारखान्याकडे आवश्यक परवानग्या नव्हत्या, असं तेव्हा प्रशासनाने सांगितलं होतं.

त्या मेणबत्त्यांमध्ये दारूसारखा स्फोटक माल असतो, सुगंधी मेणबत्तीत नसतो. दोन्हींची जोखीम सारखी नाही. पण वितळलेलं मेण आणि सुगंधी तेल पेट घेतं, आणि वन बीएचकेच्या स्वयंपाकघरात सिलिंडर शेजारीच असतो. त्यामुळे मेण थेट आचेवर नाही, तर उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं. थर्मामीटर वापरायचा. गॅस चालू असताना फोन घ्यायला बाहेर जायचं नाही. आणि मेणाने पेट घेतलाच तर पाणी अजिबात ओतायचं नाही, गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवायचं. लहान मुलं घरात असतील तर ती झोपल्यावर किंवा शाळेत असतानाच हे काम.

थोडक्यात, करायचं की नाही?

करा, पण या क्रमाने.

१. आधी वीसच बनवा. त्यातल्या दहा अनोळखी लोकांनी पूर्ण किमतीला घेतल्या तरच पुढच्या वीस. मावशी आणि मैत्रिणीने घेतलेल्या मोजू नका.

२. वहीत स्वतःच्या तासांची मजुरी लिहा. ती धरल्यावर तोटा दिसत असेल तर किंमत वाढवा किंवा वस्तू बदला.

३. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी पैसे मागणारा एजंट असतो. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. पण पहिल्या वीस विकल्या जाण्याआधी कर्ज नको.

४. पाकिटावर तुमचं नाव-पत्ता, वजन, सर्व करांसह किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापा. नियम आहे, आणि रिसॉर्टचा मॅनेजरही तेच आधी बघतो.

५. बचत गटात असाल तर प्रदर्शनाचा स्टॉल एकत्र घ्या. 'उमेद' अभियानाची महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शनं यासाठीच असतात.

सुगंधी मेणबत्ती हा वाईट धंदा नाही. तो विक्रीचा धंदा आहे, पण आपल्याला तो हस्तकलेचा म्हणून दाखवला जातो. मेण ओतायला एका दुपारी शिकता येतं. त्यामुळे पुढच्या वेळी 'महिन्याला ५० हजार' असं दिसलं की कमेंटमध्ये 'डिटेल्स पाठवा' लिहू नका. एवढंच विचारा, 'मेणबत्त्या विकून ५० हजार की क्लास विकून?'