वर्गवारी कोणी करायची?

नवी शास्त्रे आली की नवी नावे येतात. उद्योगसंस्थांत आणि संगणक कंपन्यांत सध्या दोन गोष्टींचा मोठा बोलबाला आहे. आपल्या कामांची, मालाची, कागदपत्रांची नेटकी वर्गवारी बांधावी, ही पहिली. योजना अखेरपर्यंत एकदम न आखता थोडे काम करावे, ते वापरणाऱ्यापुढे ठेवावे आणि चूक सुधारून पुढे जावे, ही दुसरी. हिला ‘अ‍ॅजाइल’ म्हणतात. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा संगणकतज्ज्ञांनी एकत्र बसून तिचा जाहीरनामा तयार केला.

आपल्याकडील कारकुनाला यातील पहिल्या गोष्टीचे नवल वाटण्याचे कारण नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी 1980 च्या दशकात कचेरीतील दप्तराची सहा गठ्ठ्यांत मांडणी केली आणि ती पद्धत राज्यभर गेली. ‘अ’ वर्गाचा कागद कायम जपायचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘ड’ वर्षभरात निकाली, हे नांदेड-लातूरच्या कोणत्याही कार्यालयात ठाऊक असते. कागद चुकीच्या गठ्ठ्यात गेला तर फार तर शोधाशोध होते. माणसे चुकीच्या गठ्ठ्यात गेली तर काय होते, हे मात्र लातूरला विचारावे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या गाढ झोपेत, किल्लारीच्या परिसरातील माळवदाची घरे माणसांवर कोसळली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचा मातीचा भार यांनी सुमारे आठ हजार जीव घेतले. पुनर्वसन करताना शासनाला वर्गवारी करणे भागच होते. नासधुशीचे प्रमाण आणि गावाखालील काळ्या मातीची खोली पाहून गावे तीन वर्गांत घातली गेली. ‘अ’ वर्गातील 52 गावे नव्या जागी हलवायची, ‘ब’ वर्गातील 22 गावे आहे त्याच जागी पुन्हा बांधायची, आणि ‘क’ वर्गातील सुमारे 2400 गावांत घरांची दुरुस्ती व मजबुती करायची. एवढ्या प्रचंड संकटात इतक्या लवकर असा आराखडा उभा राहिला, याचे श्रेय प्रशासनाला दिलेच पाहिजे.

परंतु ‘अ’ वर्गाच्या आत आणखी एक वर्गवारी होती. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास 250 चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्यास 400 आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास 750. भूकंपाने वाडा आणि झोपडी एकाच रात्रीत सारखी केली होती; सातबाऱ्याने त्यांतील अंतर पुन्हा मोजून सिमेंटात पक्के केले. मोठ्या वाड्याची भरपाई मोठी असावी, हा युक्तिवाद अगदीच निराधार नव्हे. पण घराचा आकार घरातील माणसांवरून न ठरता शेताच्या क्षेत्रावरून ठरावा, हे शेतमजुराच्या कुटुंबाला कसे पटावे? शिवाय ही नवी गावे शहरी वसाहतीच्या धर्तीवर सरळ रेषांत आखली गेली. जुन्या गल्ल्यांचा शेजार तुटला, गुरांना व औतांना जागा उरली नाही. पुढे लोकांनी आपल्या हातांनी पडव्या, गोठे, कुंपणे उभारून ती घरे आपलीशी करून घेतली. आराखड्यात नसलेली ही दुरुस्ती कोणा अभियंत्याने नव्हे, रहिवाशांनी केली.

‘क’ वर्गाची हकीकत वेगळी आहे. तेथे घरमालकाने स्वतः काम करून घ्यायचे होते. गावोगाव समित्या झाल्या, महिला ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या, आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने शासन व गावकरी यांच्यामध्ये दुव्याचे काम केले. बाईने घरात उभे राहून भिंतीकडे बोट दाखवावे आणि अभियंत्याने ते ऐकावे, ही गोष्ट मराठवाड्यात तेव्हा लहान नव्हती. त्या यूटातील जाहीरनाम्याला अजून बरीच वर्षे अवकाश होता. हे काम सर्वत्र सुरळीत झाले असे नव्हे. दोन हजारांवर गावांत ते होणेही शक्य नव्हते. पण चूक दिसताच बोलायला जागा होती, आणि बोलणारी व्यक्ती त्याच घरात राहणारी होती. सर्वांत कमी नुकसानीच्या वर्गाला हा अधिकार लाभला आणि सर्वस्व गमावलेल्यांना तयार घराची किल्ली मिळाली, हा विरोधाभास नोंदवून ठेवावा असा आहे.

आज कार्यालयांच्या संचिका संगणकावर चढत आहेत. अर्जदाराला पडद्यावरच्या यादीतून एक कप्पा निवडावा लागतो. त्याची अडचण त्या यादीत नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. पूर्वी खिडकीमागचा कारकून निदान समासात शेरा मारू शके. या याद्या बांधणारे दूर असतात आणि त्यांतील त्रुटी प्रथम कळते ती खिडकीपाशी. तेव्हा प्रत्येक यादीत ‘यांपैकी नाही’ असा एक कप्पा असावा, त्यात काय साठले ते दर तीन महिन्यांनी तपासले जावे, आणि त्या तपासणीला अर्ज स्वीकारणारा कारकून व ज्याचा अर्ज अडला तो माणूस, दोघांनाही बोलावले जावे.