मनाचा उपचार, गावाच्या ओट्यावर

नाशिक जिल्ह्यात मोसम नदीकाठच्या नामपूरला सकाळी लिलाव सुरू झाला की त्या दिवसाचा कांद्याचा भाव दुपारपर्यंत खोऱ्यातल्या घराघरांत पोहोचतो. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती 4 मे 2024 रोजी उठवली. मधल्या पाच महिन्यांत कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातल्या कितीतरी कुटुंबांचे वर्षाचे गणित कोलमडले. त्याआधी तेल्या आणि मर रोगाने डाळिंबाच्या बागा उपटायला लावल्या होत्या. अशा घरातला मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल, तर रविवारच्या फोनवर त्यांना ऐकू येते ते एवढेच: "इकडचं सगळं बरं आहे, तू काळजी करू नको."

वडिलांचे जेवण कमी झाले आहे, ते रात्र-रात्र ओट्यावर बसून राहतात, मळ्याकडे फिरकत नाहीत, हे पुढे कधीतरी एखाद्या चुलतभावाकडून कळते. मग धावपळ होते ती हृदयाच्या तपासण्यांची आणि रक्ताच्या चाचण्यांची. मनाचा डॉक्टर शेवटी आठवतो, आणि तोही गावात कोणाला कळणार नाही अशा बेताने.

या संकोचामागे एक गैरसमज आहे. मानसोपचार म्हणजे झोपेच्या गोळ्या, विजेचे झटके किंवा कोणीतरी शहाण्याने दिलेला उपदेश, अशी समजूत अजून पक्की आहे. प्रत्यक्षात बोलण्यातून होणाऱ्या उपचाराला पद्धत असते, ठरलेल्या भेटी असतात आणि त्याचा परिणाम मोजता येतो. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली. त्यांचे म्हणणे असे, की घटना माणसाला दुखावते खरी, पण त्याला कोसळवते ती त्या घटनेबद्दलची त्याची ताठर समजूत. भाव पडला हे दुःख खरेच आहे. "भाव पडला, म्हणजे मी घर बुडवलं, आता माझ्या जगण्यात अर्थ नाही" ही त्यावर चढलेली समजूत. उपचारक ती रुग्णासोबत बसून तपासतो: याला पुरावा काय? शेजाऱ्याचाही कांदा त्याच भावाने गेला, मग तोही नालायक ठरतो का? महाराष्ट्रात ही विचारसरणी कि. मो. फडके यांनी रुजवली. 1990 साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेने मनाच्या आरोग्याची भाषा मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यात आणली.

पण ठाणे आणि पुणे नामपूरपासून दूर आहेत. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले, की निरनिराळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. तज्ज्ञ कमी आणि तेही शहरात. मग गावाने काय करायचे?

याचे एक उत्तर नाशिक जिल्ह्यातच सापडते. पेठ तालुक्यातल्या 41 गावांत 2013 ते 2015 या काळात 'आत्मीयता' नावाचा प्रयोग झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्राने गावातल्याच विश्वासू बायका-पुरुषांना प्रशिक्षण दिले. त्यांच्या हातात मोबाइल होता आणि त्यात दारू, घरातली भांडणे, बेकारी अशा ओळखीच्या प्रश्नांवरचे छोटे चित्रपट. चार-सहा जणांना ओट्यावर जमवून चित्रपट दाखवायचा, आणि त्यानंतर जो गप्प झाला, त्याच्याशी पुढे निवांत बोलायचे. भेटी साधारण चार ते सहा. त्यांत आधी नुसते ऐकायचे, मग अडचण सुटी करून बघायची, मग रोजच्या दिवसात एखादे छोटे काम ठरवायचे. आजार गंभीर वाटला तर डॉक्टरकडे पाठवायचे. निराधार योजना किंवा निवृत्तिवेतनाचे अर्ज भरायलाही हेच लोक मदत करत, कारण मनावरच्या ओझ्यात पैशाचे ओझे असतेच. पुढे हा प्रयोग गुजरातेत विस्तारला आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021च्या मार्गदर्शिकेत त्याची नोंद घेतली.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' हा असाच उपक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण तिथे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींचा उपचार करून पाहिला. नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण तिथे 64 टक्के होते, तर नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत ते 39 टक्के होते. झिम्बाब्वेत तर दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेल्या आज्या हे काम करतात.

समुपदेशनाने कांद्याला भाव मिळत नाही, हे स्पष्ट म्हणायला हवे. निर्यातीचे धोरण, पीकविमा, कर्ज हे प्रश्न सरकारच्या दारातच सुटायचे. तीव्र आजारात औषधेही लागतात. पण भाव मिळेपर्यंत माणूस टिकला पाहिजे. त्यासाठी त्याचे म्हणणे त्याच्या बोलीत, जमल्यास अहिराणीत, ऐकणारे कोणीतरी लागते.

परदेशातल्या घरांनाही हे लागू आहे. नोकरी गेलेला किंवा व्हिसा टांगणीला लागलेला तरुण, बाळंतपणानंतर चार भिंतींत एकटी पडलेली सून, नातवंडे सांभाळायला आलेले आणि भाषेअभावी मुके झालेले आजी-आजोबा: आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हे सगळे नटूनथटून येतात आणि "मजेत" म्हणून परत जातात. सलग दोन आठवडे मन उदास असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, तर कुटुंबाच्या डॉक्टरकडे तसे सांगून पुढची वाट विचारावी. भारतातल्या माणसासाठी 14416 हा 'टेलि-मानस'चा मोफत क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर 2022पासून सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. घरच्या फोनवर "जेवलास का?"च्या पुढे जाऊन "झोप लागते का? मळ्यात जातोस का?" असे विचारले आणि उत्तराला वेळ दिला, तर हा क्रमांक सांगण्याची वेळ ओळखता येईल.

मंडळाने या वर्षी दोन कामे हाती घ्यावीत. मराठीतून उपचार करणाऱ्या स्थानिक मानसोपचारतज्ज्ञांची यादी करून ती सभासदांना द्यावी. आणि दिवाळीच्या देणगीतला एक वाटा मोसम खोऱ्यात पेठसारखे प्रशिक्षण उभे करण्यासाठी ठेवावा. नामपूर, सटाणा, मालेगाव भागातून आलेल्या सभासदांनी त्यासाठी आपापल्या गावातली विश्वासू माणसे सुचवावीत, आणि पुढच्या कार्यकारिणी सभेत या विषयाला पहिले स्थान मिळावे.