आयत्या बिळातील बातमीदार

अलीकडे वृत्तपत्रांतून एक वाक्य इतके सर्रास आढळते, की त्याची चीड येणेही बंद होत चालले आहे : ‘समाजमाध्यमांवर प्रसृत झालेल्या चित्रफितीत असे दिसते, की...’ ती फीत कोणी, कोठे, केव्हा टिपली याचा पत्ता नाही. आमचे काही तरुण मित्र यास वृत्तव्यवसायाची प्रगती म्हणतात; आमच्या मते ही आयत्या बिळावरची नागोबागिरी होय.

मोबाइलचे उपकार आम्ही नाकारीत नाही. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे, मनोज जरांगे यांच्या उपोषणस्थळी लाठ्या चालल्या. त्या दृश्यांनी सारा मराठवाडा काही तासांत हलला, आणि तीन दिवसांनी गृहमंत्र्यांस क्षमा मागावी लागली. चित्रे नसती तर सरकारी निवेदनावरच आपली बोळवण झाली असती. परंतु लाठीचा हुकूम कोणी दिला, दगड आधी पडला की लाठी, हे त्या पाऊण मिनिटात मावत नाही. त्यासाठी गावात जाऊन जखमी ग्रामस्थास, तसेच जखमी शिपायासही विचारावे लागते. मुदखेडहून जालन्यास आगगाडी जाते. तिकीट काही फार महाग नाही.

१२ नोव्हेंबर २०२१ रोजी त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ पुकारलेल्या बंदला नांदेडात दगडफेकीचे वळण लागले. त्रिपुरात अत्याचार घडले होते हे खरे. पण फिरणाऱ्या चित्रांत भलत्याच ठिकाणची चित्रेही मिसळली होती. ही निवड कोणी करावयाची? आमच्या गावचा फुलांचा व्यापारीसुद्धा करंडी उघडल्याखेरीज भाव करीत नाही!

मोठ्यांची कथाही निराळी नाही. २०११ साली सीरियातील उठावात ‘अमीना’ नामक दमास्कसच्या तरुणीची लेखणी पाश्चात्त्य पत्रांनी डोक्यावर घेतली, तिच्या अपहरणाचे वृत्तही छापले. जूनमध्ये उघड झाले, की ही अमीना म्हणजे स्कॉटलंडात शिकणारा एक अमेरिकन गृहस्थ!

‘वेग नको काय?’ असे कोणी विचारील. अवश्य हवा, पण ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली, संचारबंदी आली आणि सरकारने इंटरनेटच बंद केले. त्या दिवशी वेगाचे उपासक काय करणार होते? ज्याची नजर केवळ पडद्यावर, त्यास आंधळा करण्यास सरकारला एक आदेश पुरतो. अशा वेळी बातमी आणतो तो तालुक्याचा वार्ताहर, ज्याच्या हाती मालक महिन्याकाठी पेट्रोलापुरतेही पैसे टेकवीत नाहीत.